लॅपटॉप घेऊन बाहेर पडावे म्हणते: आधी कोकण की थेट थायलंड?

पायवाट

नमस्कार मंडळी. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागात काम करते. कंपनीने आमच्या गटाला भारतात कुठूनही काम करण्याची मुभा दिली आहे; तिमाहीतून एकदा कार्यालयात हजेरी लावली की पुरते. गटातील निम्मे सहकारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असल्यामुळे रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेत बैठका असतात आणि त्या चुकवता येत नाहीत. घरभाड्याचा करार जानेवारीअखेर संपतो आहे. तो पुन्हा न करता सामान सांगलीला आईवडिलांकडे ठेवावे आणि काही महिने निरनिराळ्या ठिकाणी राहून काम करावे, असा विचार आहे. एका मैत्रिणीने थायलंडच्या नव्या व्हिसाविषयी सांगितले आणि तेव्हापासून मन तिकडे ओढ घेते आहे. घरचे म्हणतात की इतकीच हौस असेल तर आधी कोकणात राहून पाहा. ज्यांनी असे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी खर्च, इंटरनेट, कर आणि एकटीने राहण्याविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती. सुंदर ठिकाणांची यादी नको आहे, ती कुठेही मिळते.

मुक्काम_पोस्ट

घरच्यांचे ऐकावे असे मी सहसा कुणाला सांगत नाही, पण येथे सांगतो. कोकण जवळ आहे म्हणून नव्हे, तर तेथे बेत फसला तरी नुकसान थोडक्यात आवरते म्हणून. चौथ्या दिवशी लक्षात आले की वीज टिकत नाही किंवा एकटे राहणे झेपत नाही, तर रात्रीच्या एसटीने पुणे गाठता येते. परदेशात हेच घडले तर विमानाचे भाडे, आगाऊ भरलेले घरभाडे आणि व्हिसाचे शुल्क अशा तिन्ही गोष्टींवर पाणी सोडावे लागते.

मी कोकण, कुमाऊँ आणि कांगडा खोरे अशा तिन्ही भागांत अशा रीतीने राहिलो आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हा माणूस फिरतो आहे आणि अधूनमधून काम करतो आहे. वस्तुस्थिती उलट असते. नऊ तास काम, त्यात तुमच्यासारख्या संध्याकाळच्या बैठका, शिवाय जेवण, कपडे, किराणा हे सगळे पुण्यात असते तसेच येथेही असते. हिमाचलमधील बीडला मी मुक्कामाला होतो तेव्हा बिलिंगहून उडालेली पॅराग्लायडर मंडळी दुपारभर माझ्या खिडकीसमोरून खाली उतरत असत आणि मी त्याच खिडकीत बसून तक्त्यांची बेरीज जुळवत असे. शनिवार-रविवार सोडले तर फिरायला मिळते ती सकाळ; आणि सकाळी उठण्याची सवय नसेल तर तीही मिळत नाही. तुमच्या बैठका संध्याकाळी असल्यामुळे कोकणातला सूर्यास्त पाहून धावतपळत खोलीवर यावे लागेल, हेही आधीच धरून चाला.

म्हणून एका ठिकाणी निदान एक महिना राहावे. आठवड्याला गाव बदलणाऱ्याचे ना काम धड होते ना फिरणे. पहिला आठवडा चांगला वाणी, बरा चहा आणि इंटरनेटची वेळ शोधण्यात जातो, आणि हात बसतो न बसतो तोच बॅग भरावी लागते. गाव बदलायचेच असेल तर शनिवारी सकाळी बदलावे, म्हणजे रविवारी सगळी जोडणी तपासून सोमवारी कामाला बसता येते. रविवारी रात्री पोहोचणारे लोक सोमवारच्या पहिल्या बैठकीत हमखास गायब असतात.

आगरवाडी

मी गुहागर तालुक्यातला. चिऱ्याच्या जुन्या घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. अलीकडे लॅपटॉपवाले पाहुणे बरेच येतात, त्यामुळे यजमानाच्या बाजूने चार गोष्टी लिहितो.

फोनवर प्रत्येक जण विचारतो, “वायफाय आहे का?” आणि प्रत्येक घरमालक हो म्हणतो, कारण ते खरोखरच असते. पण विचारायला हवे ते वेगळेच. पहिली गोष्ट भिंतीची. आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या भिंती दीड-दीड फूट जाड असतात. राउटर ओटीवर असेल तर माजघरापलीकडच्या खोलीत त्याचा उपयोग शून्य. तेव्हा तुम्हाला जी खोली मिळणार आहे त्याच खोलीत बसून, दार लावून, वेग तपासून त्याचे चित्र पाठवायला सांगा. तपासणीही तुमच्या बैठकीच्या वेळेला करायला सांगा. दुपारी तीन वाजता सगळे गाव झोपलेले असताना वेग उत्तमच येतो. रात्री आठनंतर, विशेषतः आयपीएलच्या दिवसांत, त्याच जोडणीवर घरोघरी सामने चालू असतात. डाउनलोडचा आकडा पाहून भुलू नका, अपलोड किती आहे ते पाहा. तुमचा चेहरा आणि आवाज पलीकडे जातो तो त्याच वाटेने.

दुसरी गोष्ट विजेची. घरात इन्व्हर्टर आहे एवढ्याने भागत नाही. बहुतेक गावांत फायबरची तार महावितरणच्याच खांबांवरून ओढलेली असते. वीज गेली की माझा राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण केबलवाल्याच्या नाक्यावरच्या पेटीतील बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकते आणि मग राउटरचे लाल दिवे पाहत बसावे लागते. मोबाइलच्या टॉवरचेही तसेच. शिवाय वानरांचा कळप त्या तारेवरून उड्या मारत नारळीवर जातो, तेव्हा तार तुटण्याला महावितरण जबाबदार नसते. माझ्याकडे फायबर एका कंपनीचे आणि मोबाइलचा डेटा दुसऱ्या कंपनीचा आहे. दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची वेळ क्वचित येते, पण पावसाळ्यात येते. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले, त्यानंतर मंडणगड-दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले. तेवढे नेहमी होत नाही, परंतु जून ते सप्टेंबर या काळात ज्याची बैठक चुकता कामा नये अशा माणसाने आमच्याकडे येऊ नये, हे मी स्वतः धंदेवाला असूनही सांगतो. नोव्हेंबर ते मार्च मात्र अवश्य यावे.

महिनाभर राहणारा पाहुणा आम्हाला परवडतो, कारण शनिवार-रविवारची गर्दी सोडली तर खोल्या रिकाम्याच असतात. रोजच्या दराला तीसने गुणू नका. थेट बोलला तर निम्म्याच्या आसपास गोष्ट येते, जेवण वेगळे.

तारतम्य

आगरवाडी यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. इन्व्हर्टरचा हिशेब येथे मांडून ठेवतो, म्हणजे घरमालकाला नेमके विचारता येईल. बारा व्होल्टची 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते. जुनी बॅटरी आणि रूपांतरातील घट धरली तर हाती हजार ते बाराशे येतात. लॅपटॉप 65 वॉट, राउटर 12, जुना छताचा पंखा 75 आणि एक दिवा, असे मिळून साधारण 160 वॉट होतात. म्हणजे अशी बॅटरी सहा-सात तास नेईल. मात्र त्याच इन्व्हर्टरवर घरातील टीव्ही आणि आणखी तीन खोल्यांचे पंखे असतील तर दोन तासही धरू नका.

राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. हजार-दीड हजार रुपयांची ही वस्तू पुस्तकाएवढी असते आणि राउटर दोन-तीन तास चालवते. मी ती प्रत्येक प्रवासात नेतो. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकेसारखाच नियम लक्षात ठेवा: लिथियमची बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि 100 वॉट-तासांपर्यंतची परवानगीशिवाय चालते. 20,000 मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक 74 वॉट-तासांची असते, त्यामुळे तिची काळजी नाही.

निशिगंध

मी सध्या थायलंडमधील चिआंग माई येथे आहे. स्वतंत्रपणे मजकूर-संपादनाचे काम करते आणि माझे ग्राहक तीन देशांत आहेत. थायलंडच्या व्हिसाविषयी उलटसुलट बरेच लिहिले जाते, म्हणून नीट सांगते.

थायलंडने जुलै 2024 मध्ये डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) हा व्हिसा सुरू केला. तो पाच वर्षांचा असतो, कितीही वेळा ये-जा करता येते आणि प्रत्येक प्रवेशाला 180 दिवस राहता येते. अर्जदार निदान वीस वर्षांचा हवा, खात्यात पाच लाख बाट शिल्लक दाखवावी लागते (म्हणजे बारा लाख रुपयांच्या वरच), आणि देशाबाहेरच्या कंपनीत नोकरी किंवा देशाबाहेरचे ग्राहक असल्याचा पुरावा लागतो. थायलंडमधल्या कंपनीचे काम त्यावर करता येत नाही. अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करायचा असतो. पायवाट यांच्या बाबतीत अडणारी गोष्ट पैशांची नसेल, पुराव्याची असेल: दूरस्थ कामाला हरकत नाही असे कंपनीचे पत्र. भारतातल्या भारतात फिरण्याची मुभा देणारी कंपनी हे पत्र देईलच असे नाही.

आल्यानंतरचे दोन नियम बाहेर फारसे बोलले जात नाहीत. तुम्ही जेथे राहता तेथील मालकाने तुमच्या वास्तव्याची नोंद चोवीस तासांच्या आत इमिग्रेशनकडे करायची असते, तिला येथे सगळे टीएम-30 म्हणतात. ती झाली आहे ना, हे मालकाला विचारून खात्री करून घ्या, कारण पुढे कोणतेही काम निघाले की पहिल्यांदा तोच कागद मागतात. सलग नव्वद दिवसांपेक्षा अधिक राहिल्यास पत्त्याची पुन्हा नोंद करावी लागते, ती वेगळी.

हवामानाचेही सांगायला हवे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तर थायलंडमध्ये शेतांतील काडीकचरा आणि डोंगरातील जंगल जळते, आणि चिआंग माई खोलगट भागात वसलेले असल्यामुळे तो धूर गावावर बसून राहतो. समोरचा दोई सुथेप डोंगर दिसेनासा होतो. तुमचा करार जानेवारीअखेर संपतो आहे, म्हणजे तुम्ही नेमक्या त्याच धुरात येऊन पोहोचाल. त्या महिन्यांत येथे राहणारी अनुभवी मंडळी दक्षिणेकडच्या बेटांवर किंवा व्हिएतनाममध्ये दा नांगला निघून जातात. व्हिएतनाम ऑगस्ट 2023 पासून नव्वद दिवसांचा ई-व्हिसा देते, पण तो पर्यटनाचा आहे, दूरस्थ कामाला त्यात स्पष्ट जागा नाही, हे ध्यानात ठेवावे.

वेळेचे गणित मात्र सुसह्य आहे. थायलंड भारतापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणजे तुमची सातची बैठक येथे साडेआठला सुरू होईल आणि अकराला संपेल. सकाळ पूर्ण मोकळी मिळते. युरोपात पोर्तुगालला गेलात तर हिवाळ्यात साडेपाच तास मागे जाल. अमेरिकेच्या बैठका भरदुपारी होतील, पण पुण्याच्या गटाची दहाची बैठक पहाटे साडेचारला येईल.

एकटीने राहण्याविषयी: रात्री अकरानंतर पायी परत येताना मला येथे जितके मोकळे वाटते तितके आपल्याकडे फार थोड्या गावांत वाटले. “लग्न झाले आहे का, मिस्टर काय करतात” हे घर देण्यापूर्वी कुणी विचारत नाही. मात्र आजारी पडल्यावर पेज करून देणारेही कुणी नसते. भारतातील कंपनीचा गट-आरोग्यविमा सहसा देशाबाहेर चालत नाही आणि येथील खासगी रुग्णालये स्वस्त नाहीत. दीर्घ मुक्कामाचा प्रवासविमा घेतल्याशिवाय विमानात बसू नका.

झोळीवाला

एवढा विचार कशाला करायचा? घरी सांगलीला एक राउटर ठेवावा, त्यावर व्हीपीएन (इंटरनेटची ये-जा घरच्या जोडणीतून वळवणारी सोय) चालवावे आणि सोबत छोटा प्रवासी राउटर न्यावा. कंपनीला तुम्ही सांगलीतच बसला आहात असे दिसते. माझ्या ओळखीचे कित्येक जण असेच बालीला जाऊन आले, कुणाला पत्ता लागला नाही.

तळटीप

झोळीवाला यांचा उपाय तांत्रिकदृष्ट्या चालतो, आणि तो चालतो म्हणूनच धोकादायक आहे. मी सनदी लेखापाल आहे. हे प्रश्न माझ्याकडे बिनसल्यावरच येतात. लॉग-इनची खात्री करणाऱ्या फोनच्या ॲपमधून ठिकाण कळते, जोडणीच्या विलंबावरून संशय येतो आणि एखाद्या बैठकीत मागून थाई घोषणा ऐकू येते. पण पकडले जाणे हा दुय्यम मुद्दा झाला. आपला कर्मचारी परदेशात बसून कंपनीचे काम करू लागला की त्या देशात कंपनीचे कायम आस्थापन (म्हणजे तेथे कर लागू होणारे कामकाजाचे ठिकाण) आहे असा दावा तेथील करखाते करू शकते. ग्राहकाची माहिती देशाबाहेर जाणार नाही असे करारात लिहिलेले असेल तर त्या कराराचा भंग होतो. कंपनीची कायदा शाखा परदेशाचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालते ती याच कारणांनी. अशा वेळी लपवून गेलेल्या माणसाची नोकरी तर जातेच, शिवाय अनुभवपत्राचाही प्रश्न होतो. परवानगी ईमेलवर घ्या, त्यात देशाचे नाव आणि कालावधी लिहून घ्या. व्यवस्थापकाने चहाच्या टपरीवर दिलेला होकार हा होकार नव्हे.

आता आयकर. करवर्षात 182 किंवा अधिक दिवस भारतात असलेली व्यक्ती निवासी ठरते आणि तिचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र होते. यापेक्षा कमी दिवस असतील तर आणखी एक कसोटी आहे: त्या वर्षी 60 दिवस आणि मागील चार वर्षांत मिळून 365 दिवस. नोकरीसाठी भारत सोडून जाणाऱ्या नागरिकाला 60 ऐवजी 182 ची सवलत मिळते. परंतु भारतातील नोकरी तशीच ठेवून बाहेर जाऊन बसलेल्याला ती लागू होते का, यावर वाद होऊ शकतो, तेव्हा त्या भरवशावर बेत आखू नये. “सतत फिरत राहिलो तर कुठेच कर लागणार नाही” हा समज तर सोडूनच द्या. ज्या भारतीय नागरिकाचे परदेशातून मिळणारे उत्पन्न वगळून इतर उत्पन्न 15 लाखांच्या वर आहे आणि जो कोणत्याही देशात निवासाच्या कारणाने करदाता नाही, त्याला 2020 च्या सुधारणेपासून भारताचा निवासी मानले जाते.

दुसरी बाजू थायलंडची. तेथे कॅलेंडर वर्षात 180 दिवस झाले की तुम्ही तेथील कर-निवासी ठरता, आणि 1 जानेवारी 2024 पासून अशा व्यक्तीने देशात आणलेल्या परदेशी उत्पन्नावर कर लागू होतो. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ आपोआप मिळत नाही, कागद करावे लागतात. पायवाट यांच्यासारख्या पगारदाराने चार-पाच महिन्यांत परत यावे, हे सर्वांत सोपे.

निशिगंध यांच्यासारख्या स्वतंत्र काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ठरावीक व्यवसायांना 75 लाखांपर्यंतच्या जमेवर (रोख पाच टक्क्यांच्या आत असल्यास) निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो. आपला व्यवसाय त्या यादीत बसतो का, ते आधी पाहून घ्यावे. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात ठरली तर तिच्यावर जीएसटी शून्य, मात्र उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी आणि हमीपत्र चुकत नाही.

कट्टेकरी

सगळे व्हिसा आणि वॉटवर बोलत आहेत, म्हणून न विचारलेले बोलतो. सांगलीला सामान ठेवणार, तसे सांगलीच्या माणसांचे काय? माझ्या भावाने हाच प्रयोग केला. तो डेहराडूनहून रोज व्हिडिओवर दिसायचा, हसायचा. गॅसचा सिलिंडर, वडिलांची रक्ततपासणी आणि बँकेतील हयातीचा दाखला मात्र माझ्याकडे आला. कुठूनही काम करण्याची सोय ज्यांना मिळते त्यांच्या घरात बहुधा एक जण कुठेच न जाणारा असतो. पायवाट यांना दोष देत नाही, पण जाण्यापूर्वी हा हिशेब घरात उघडपणे व्हावा.

मुक्काम_पोस्ट

कट्टेकरींचा मुद्दा अस्थानी मुळीच नाही. पण त्याची दुसरी बाजूही असते. पुण्यात राहून महिन्यातून एकदा सांगलीला जाणारी मुलगी आणि दोन मुक्कामांच्या मधले पंधरा दिवस सांगलीहूनच काम करणारी मुलगी, यांत आईवडिलांच्या वाट्याला कोण अधिक येते? मी स्वतः दर दोन गावांनंतर घरी राहतो. घरभाडे वाचते आणि वडिलांची कामे एकगठ्ठा होतात. तातडीच्या प्रसंगी मात्र कांगड्याहून पोहोचायला दीड दिवस लागतो, ते नाकारत नाही.

एक भर घालतो: व्हिसाच्या बातम्या वाचून हुरळून जाऊ नका. जपानने मार्च 2024 अखेर असाच व्हिसा सुरू केला. वर्षाला एक कोटी येनचे उत्पन्न तर हवेच, शिवाय पात्र देशांच्या यादीत भारत नाही. बालीच्या व्हिसाला वर्षाला 60,000 डॉलर उत्पन्न लागते. मलेशियाची डीई रांताउ योजना तंत्रज्ञानातल्या लोकांना 24,000 डॉलरवर घेते, ती आपल्या पगारांना जवळची आहे. आणि ज्यांना व्हिसाच नको आहे त्यांच्यासाठी नेपाळमधील पोखरा आहे. घड्याळ फक्त पंधरा मिनिटे पुढे करायचे. कंपनीच्या दृष्टीने मात्र नेपाळही परदेशच, पत्र लागेलच.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. तळटीप यांचा प्रतिसाद वाचून व्यवस्थापकांना ईमेल पाठवला. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले: भारतात कुठेही, परदेशासाठी कायदा आणि माहिती-सुरक्षा विभागांची मंजुरी, आणि ती पुढील आर्थिक वर्षापूर्वी विचारात घेतली जाणार नाही. धुराचे महिने तसेही टळले, असे म्हणते. फेब्रुवारी आणि मार्च गुहागरला, मग सांगली, असे ठरवले आहे. घरी कट्टेकरींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. वडील म्हणाले की हयातीचा दाखला ते स्वतः फोनवरून काढतात, आणि आई काहीच म्हणाली नाही.

आगरवाडी, आपल्याला व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे. अपलोड 18 एमबीपीएस दिसतो आहे, तो मला पुरेसा आहे. चित्रात खोलीत लाकडी टेबल आणि प्लास्टिकची खुर्ची दिसते. नऊ तास बसायचे म्हणजे तिच्यावर निभणार नाही. काही सोय होईल का?

आगरवाडी

व्यनि मिळाला. फेब्रुवारी मोकळा आहे. मार्चमध्ये होळीचे पाच दिवस मुंबईकर चाकरमानी घरचेच येतात, तेव्हा तुम्हाला मागच्या खोलीत जावे लागेल आणि तेथे भिंतीचा प्रश्न आहेच. त्या दिवसांपुरती ओटीवर बैठक मांडून देतो, पण पालखी दारात आली की ढोल वाजणार, तेव्हा अमेरिकेला आधी कळवून ठेवा. खुर्चीचे म्हणाल तर चिपळूणला चाकांची खुर्ची मिळते. पुढच्या आठवड्यात सामान आणायला जाणार आहे तेव्हा टेम्पोत टाकून आणतो. पैसे मी घालतो, पुढच्या लॅपटॉपवाल्यालाही उपयोगी पडेल. टेबलाची उंची मोजून कळवा म्हणजे पायांखाली पाट लागेल की नाही ते बघतो.